मॉरिशसचा बटवा

सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मॉरिशस बेटावर माणूस राहत नव्हता. अरब खलाशांना हे बेट ठाऊक होते, पोर्तुगीज जहाजांनी ते पाहिले होते. १५९८ मध्ये डच इथे उतरले आणि १६३८ पासून त्यांनी वस्तीही करून पाहिली. पण इथल्याच मातीत जन्मलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या इथल्या रानात वावरलेला समाज कधी नव्हता. त्यामुळे वैदू नव्हता, सुईण नव्हती, झाडाला हाक मारायला नावही नव्हते. रान मात्र किनाऱ्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत पसरलेले होते. ज्वालामुखीतून वर आलेल्या, आपल्या एखाद्या लहान जिल्ह्याहूनही लहान असलेल्या या बेटावर फुलझाडांच्या सुमारे ६९० देशी जातींची नोंद झाली आहे. त्यांपैकी सुमारे २७० जाती जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत.

आज राजधानी पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात गेले की काढ्याच्या वनस्पतींचे गाळे दिसतात. वाळलेल्या पानांच्या जुड्या, सालींचे तुकडे, काटक्या, मुळ्या असा माल मांडलेला असतो. कुणी मूतखड्यासाठी मागतो, कुणी साखरेसाठी, कुणी छातीत भरलेल्या कफासाठी. या काढ्याला तिथली क्रिओल भाषा ‘तिझान’ म्हणते. बाळ जन्मले की त्याला कोणता तिझान द्यायचा, बाळंतिणीला कोणता द्यायचा, हे जुन्या बायका आजही सांगतात. निर्मनुष्य रानापासून या भरलेल्या गाळ्यापर्यंतचा प्रवास चारशे वर्षांहूनही कमी काळाचा आहे. तो कुणी केला आणि त्याची नोंद कशी झाली, हा या पुस्तकाचा विषय आहे.

वनौषधी म्हटले की आपल्याकडे हजारो वर्षांच्या परंपरेची भाषा सुरू होते. मॉरिशसमध्ये ती चालत नाही, आणि म्हणूनच हा देश अभ्यासायला मोलाचा आहे. इथले औषधी ज्ञान कोणत्याही ग्रंथातून आलेले नाही. राजाश्रय नाही, गुरुकुल नाही. पकडून आणलेल्या आणि करारावर अंगठा उठवून आणलेल्या माणसांनी अनोळखी रानात एकेक पान चुरगळून, हुंगून, चाखून ते जमवले. जमवणाऱ्यांतल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांना कुणी विचारले नाही. वनस्पतींची ही यादी म्हणजे त्या माणसांच्या इतिहासाचा उरलेला मोठा पुरावा आहे, असे माझे मत आहे.

त्यांतले पहिले गुलाम होते, मादागास्करहून आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आणलेले. मादागास्करच्या माणसाला मॉरिशसचे रान अगदीच परके वाटले नसणार, कारण या बेटावरच्या अनेक झाडांचे जवळचे नातलग मादागास्करमध्ये आहेत. ‘फांदामान’ हे झुडूप त्याचे चांगले उदाहरण. वनस्पतिशास्त्रात त्याला ‘अफ्लोइया थिइफॉर्मिस’ म्हणतात. त्याच्या पानांचा चहा तापावर आणि काविळीवर देतात. झाड मॉरिशसचे आणि मादागास्करचेही, नाव मालागासी. ते नाव फ्रेंच राजवटीत टिकले, इंग्रजी राजवटीत टिकले आणि आजही चालू आहे. तान्ह्या मुलांच्या ज्या कुरबुरीला क्रिओलमध्ये ‘तांबाव’ म्हणतात, तो शब्दही मालागासीच. ज्या आयांची मुले मालकाच्या हिशेबवहीत जिंदगी म्हणून मांडली जात होती, त्यांनी आपल्या बाळांचे दुखणे आणि त्यावरचा उतारा आपल्याच भाषेत जपला. मॉरिशसमध्ये गुलामगिरी १८३५ मध्ये कायद्याने संपली. तांबावचा काढा त्यानंतरही चालत राहिला, आणि पुढे तो हिंदू, मुसलमान, चिनी अशा सगळ्या घरांत शिरला.

कंपन्यांच्या आणि राजांच्या जहाजांतूनही झाडे येत होती. फ्रेंच अमलात प्येर प्वाव्र हा कारभारी १७६७ मध्ये आला. डचांनी मोलुक्का बेटांवर डोळ्यांत तेल घालून राखलेली जायफळाची आणि लवंगेची रोपे त्याने १७७० मध्ये चोरून मॉरिशसला आणवली आणि पाम्प्लमूसच्या बागेत लावली. आज पर्यटक त्या बागेत परातीएवढ्या पानांची कमळे पाहायला जातात. प्वाव्रच्याच आग्रहाने फिलिबेर कोमेर्साँ हा वनस्पतिशास्त्रज्ञ १७६८ मध्ये जगप्रवासाची वाट सोडून इथे थांबला. आपल्या अंगणातल्या बोगनवेलीला नाव मिळाले ते याच प्रवासातून. त्याच्याबरोबर झान बारे होती. जहाजावर बाईला मज्जाव असल्याने ती पुरुषाच्या वेशात चढली होती. वनस्पती गोळा करण्याचे, दाबण्याचे, वाहण्याचे कष्टाचे काम तिने केले. कोमेर्साँ १७७३ मध्ये मॉरिशसमध्येच वारला आणि त्याचे नमुने पॅरिसला गेले. बारेच्या नावाची एक वनस्पती व्हायला मात्र २०१२ साल उजाडावे लागले.

नाव गाळण्याची हीच खोट मॉरिशसच्या साऱ्या जुन्या नोंदींत आहे, आणि ती समजून घेण्यासाठी थोडे मलबारकडे वळले पाहिजे. १६७० च्या दशकात डच कंपनीचा कोचीनमधला अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींचा महाग्रंथ रचायला घेतला. ‘होर्तुस मलबारिकुस’ या नावाने तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅममध्ये बारा खंडांत छापला गेला. त्यासाठी ज्यांनी माहिती पुरवली त्यांची नावे ग्रंथातच आहेत. चेर्तलाच्या बाजूचा इट्टी अच्युतन हा वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण, ज्यांचे पूर्वज गोव्याकडून तिकडे गेलेले. या तिघांनी १६७५ मध्ये दिलेले प्रशस्तिपत्र नागरी अक्षरांत छापलेले आहे. नेमक्या त्याच दशकांत तीच डच कंपनी मॉरिशसमध्येही होती. तिथे ती काळ्या लाकडासाठी एबनीची झाडे तोडत होती. एका किनाऱ्यावर तिने वैद्यांना बसवून विचारले, दुसऱ्या किनाऱ्यावर तिच्या ताब्यातल्या गुलामांना कुणी काही विचारले नाही. इट्टी अच्युतन ज्या जागी उभा आहे, तिथे मॉरिशसच्या इतिहासात मोकळी जागा आहे.

एकोणिसाव्या शतकात लिहिणारे आले, आणि ते चांगले होते. १८२९ मध्ये पोर्ट लुईत निसर्ग-इतिहासाची एक संस्था उभी राहिली. तिच्यातला लुई बुताँ हा या विषयाचा मॉरिशसमधला पहिला मोठा लेखक. बेटावर उगवणाऱ्या आणि लावल्या जाणाऱ्या औषधी वनस्पतींवरचे त्याचे लेखन १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले. १८८६ मध्ये क्लेमाँ दारुती याने मॉरिशसच्या आणि एकूण उष्णकटिबंधाच्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. मधल्या काळात, १८७७ मध्ये, बेकर या वनस्पतिशास्त्रज्ञाची मॉरिशस आणि सेशेल्सच्या वनस्पतींची सूची लंडनहून निघाली. बुताँ आणि दारुती यांची पाने आजही उलटावी लागतात. ते झाड ओळखत होते, उपयोग नेमका लिहीत होते. पण तो उपयोग कुणी सांगितला, हे तिथे मिळत नाही. फार तर ‘मालागासी लोक वापरतात’, ‘भारतीय वापरतात’ एवढेच. गाव नाही, नाव नाही, बाई की पुरुष तेही नाही.

तोवर भारतीय मोठ्या संख्येने आले होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे त्या धक्क्याच्या पायऱ्या चढली. तोच आजचा आप्रवासी घाट. बहुतेक भोजपुरी मुलखातली, पुष्कळशी तमिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूरकडची मराठी माणसे. कास्काव्हेल, वाक्वा, ब्लॅक रिव्हर या भागांत त्यांची घरे झाली. त्यांच्या नाचाला तिथे ‘झाकरी’ म्हणतात, आणि कोकणातल्या माणसाला जाखडीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. हेन्रिएटा गावात १८९६ मध्ये पहिल्यांदा गणपती बसला असे सांगतात. आज गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते.

या माणसांना नव्या बेटावर ओळखीचे काय मिळाले? पुष्कळ काही. शेवगा होता, त्याच्या पाल्याला तिथे ‘ब्रेद मुरुम’ म्हणतात आणि रक्तदाबावर तो उकडून खातात. कढीलिंब होता, ‘कारिपुले’ या तमिळ वळणाच्या नावाने. ज्यांनी ही नावे रुजवली ते तमिळ कारागीर फ्रेंच काळातच येऊन राहिले होते. कारले ‘मार्गोझ’ झाले होते, जांभूळ ‘जांब्लों’, अळू ‘सोंज’. दारात तुळस लागली, दूर्वा मिळाल्या, आंब्याचा टहाळा मिळाला. पानफुटीला तिथे ‘सुदफाफ’ म्हणतात आणि मुकामारावर तिचे पान बांधतात. कोरफड ‘माझांब्रों’ या नावाने भेटली. बेटावरच्या रानात तिची एक सख्खी बहीण आहे, जी भारताने कधी पाहिलेली नव्हती. जे ओळखीचे नव्हते ते शेजाऱ्याकडून शिकावे लागले. साखरमळ्यांवरच्या मजुरांच्या वसाहतींत, ज्यांना तिथे ‘कॅम्प’ म्हणत, हे घडले. कोकणातून आलेल्या बाईने फांदामान कुणा मालागासी वंशाच्या बाईकडून घेतला असणार आणि बदल्यात काही दिले असणार. आयापान ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. मॉरिशसमध्ये ती अपचनावर इतकी रुळली की पुष्कळांना ती बेटाचीच वाटते. या देवघेवीची कुठे पावती नाही. फक्त आजच्या घरांत एकाच काढ्यात तीन खंडांची पाने एकत्र उकळताना दिसतात.

१८६६ ते १८६८ या काळात हिवतापाची भयंकर साथ आली. त्यापूर्वी बेटावर हा रोग असा पसरलेला नव्हता. पोर्ट लुईतले सुखवस्तू लोक घरे सोडून उंचावरच्या क्युरपिपकडे गेले. मळ्यांवरच्या मजुरांना जायला जागा नव्हती. सिंकोनाच्या सालीपासून काढलेले क्विनाइन महाग आणि अपुरे होते. अशा वेळी कडू सालींची ओळख लाखमोलाची ठरते. ‘ब्वा झोन’ म्हणजे पिवळ्या लाकडाचे झाड, त्याची साल तापावरचा उतारा म्हणून आधीपासूनच माहीत होती. तिने किती जीव वाचवले हे सांगता येणार नाही. पण त्या झाडाच्या आजच्या दुर्मिळतेत सालीच्या मागणीचाही वाटा असावा, असे मला वाटते.

‘बोम द लील प्लात’, म्हणजे इल प्लात बेटाचे मलम, या झुडपाचा उल्लेख इथे केला पाहिजे. ‘सियाडिया अर्गुटा’ हे त्याचे शास्त्रीय नाव. पाने चिकट, सुगंधी. खोकला आणि दमा यांवर ती मॉरिशसभर वापरली जात. हे झुडूप फक्त मॉरिशसचे आहे. अलीकडे प्रयोगशाळेत त्यातल्या काही घटकांचा हिवतापाच्या परजीवीवर परिणाम होतो असे दिसले आहे. ज्या इल प्लातचे नाव त्याला आहे, ते मॉरिशसच्या उत्तरेचे छोटे बेट. १८५० च्या दशकात पटकीच्या भीतीने भारतातून आलेल्या मजुरांना त्या बेटावर आणि त्याला लागून असलेल्या गॅब्रिएल बेटावर उतरवून ठेवण्यात आले होते. त्यांतले अनेक जण तिथेच मेले. औषधाचे आणि या मृत्यूंचे नाव एकच आहे. पुस्तकातली या वनस्पतीची नोंद वाचताना वाचकाने हेही ध्यानात ठेवावे.

नोंद म्हणजे नेमके काय, हे थोडे खोलात जाऊन सांगतो, कारण पुष्कळ जण वनस्पतीचे नाव आणि रोगाचे नाव जोडले की काम झाले असे समजतात. झाडाची फुलाफळांसह फांदी घ्यायची, जुन्या वर्तमानपत्राच्या पानांत पसरायची, फळ्यांमध्ये आवळून वाळवायची. कागद ओला झाला की बदलायचा, नाहीतर बुरशी धरते. वाळलेला नमुना जाड कागदावर चिकटवून त्याच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, किती उंचीवर, झाड केवढे होते, फुलाचा रंग कोणता होता (वाळल्यावर तो उडून जातो), लोक काय म्हणतात, कोणता भाग, कशासाठी, कसा वापरतात आणि कुणी सांगितले. हा कागद हर्बेरियममध्ये गेला की शंभर वर्षांनी येणारा अभ्यासक त्याच्याशी आपले झाड ताडून पाहू शकतो. मॉरिशसचे हर्बेरियम रेद्वी इथे आहे.

हा खटाटोप का, तर नावे फसवतात. फ्रेंचमध्ये ‘सापोनेर’ म्हणजे युरोपातली साबणासारखा फेस देणारी एक वनस्पती. मॉरिशसमध्ये सापोनेर म्हणजे आपली सदाफुली. सदाफुलीत तीव्र विषारी द्रव्ये आहेत. फ्रेंच पुस्तकात वाचलेला सापोनेरचा प्रयोग कुणी मॉरिशसच्या अंगणातल्या सापोनेरवर केला, तर जिवावर बेतेल. ‘पात पूल’, म्हणजे कोंबडीचा पाय, हे नाव एकाहून अधिक झुडपांना आहे. ‘ब्वा द रोंद’ मूतखड्यासाठी प्रसिद्ध, पण त्या नावाखाली बाजारात नेमके काय बांधून मिळते हे पाहावे लागते. नमुन्याशिवायची नोंद ही ऐकीव गोष्ट असते. मी तिच्यावर औषध म्हणून विसंबणार नाही आणि वाचकानेही विसंबू नये.

या कडक रीतीने मॉरिशसचे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. मॉरिशस, रेयुनियों आणि रॉड्रिग्ज या तिन्ही बेटांच्या वनस्पतींची ‘फ्लोर दे मास्कारेन्य’ ही मोठी सूची १९७६ पासून भागाभागाने निघू लागली. त्या भक्कम पायावर अमीना गुरिब-फाकिम यांनी औषधी वनस्पतींचे काम उभे केले. त्या मूळच्या रसायनशास्त्रज्ञ. हर्बेरियमच्या झोझेफ गेहो यांच्यासारख्या जाणकारांबरोबर त्यांनी १९९४ मध्ये रॉड्रिग्जच्या औषधी वनस्पतींवर पुस्तक काढले आणि पुढच्या काही वर्षांत मॉरिशसच्या औषधी वनस्पतींचे तीन खंड. गावोगावच्या जाणत्या माणसांना विचारणे, नमुना घेणे, मग प्रयोगशाळेत त्यातली रसायने पाहणे, या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र बांधल्या. २०१५ मध्ये त्या देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि २०१८ पर्यंत त्या पदावर होत्या. मला त्यांच्या कामातला सर्वांत मोठा भाग वाटतो तो हा की, शिकलेल्या घरांत लाजेने लपवला जाणारा तिझान त्यांनी विद्यापीठाच्या टेबलावर आणला.

आता रॉड्रिग्जच्या ‘काफे मारों’ची हकिकत, कारण तिच्यामुळे या पुस्तकाची रीत ठरली आहे. रॉड्रिग्ज हे मॉरिशस देशाचेच छोटे बेट, पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरवर. कॉफीच्या कुळातले, पांढऱ्या चांदणीसारख्या फुलांचे हे झुडूप फक्त तिथलेच. शास्त्रज्ञांच्या लेखी ते कधीच नामशेष झाले होते. १९८० च्या सुमारास एका शिक्षकाने वर्गात जुने चित्र दाखवले आणि एका शाळकरी मुलाने तसल्याच झाडाची फांदी आणून दिली. झाड एकच होते, रस्त्याच्या कडेला, खुरटलेले. बातमी फुटली. झाड संपले असे पुस्तके म्हणत होती, तरी त्याचा उपयोग बेटावरच्या लोकांच्या स्मरणात होता. दारूचा उतार आणि गुप्तरोग यांवर ते चालते, असा समज. लोक फांद्या तोडून नेऊ लागले. कुंपण घातले, ते ओलांडले गेले. दुसरे घातले, त्याचेही तेच झाले. १९८६ मध्ये काही फांद्यांचे तुकडे विमानाने लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेले, त्यांतला एक जगला. तो फुलायचा, पण बी धरेना. अखेर २००३ मध्ये कार्लोस माग्दालेना या माळ्याच्या चिकाटीने बी धरले, रोपे झाली आणि पुढे ती रॉड्रिग्जला परत गेली.

तोडणाऱ्यांना मी दोष देत नाही. दुखणाईत माणूस ठाऊक असलेल्या औषधाकडे धावणारच, आणि त्या झाडावर त्यांचा हक्क क्यूच्या आधीचा आहे. चूक होती ती ठिकाण गाजवण्याची. ज्या नोंदीमुळे झाड मरते ती नोंद कितीही अचूक असली तरी वाईट, आणि ज्या नोंदीत सांगणारा माणूस पुसला जातो तीही वाईट. म्हणून या पुस्तकात तीन नियम पाळले आहेत. दुर्मिळ वनस्पती नेमकी कुठे आहे ते लिहिलेले नाही. लोकांकडून आलेल्या माहितीपुढे, त्यांची संमती असेल तिथे, त्यांचे नाव आणि गाव दिले आहे. आणि मात्रा दिलेल्या नाहीत. मॉरिशस मधुमेहाचे प्रमाण फार असलेल्या देशांपैकी आहे. डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबर परस्पर काढे घेतल्याने साखर एकदम उतरू शकते. कारले किंवा जांभळाची बी साखर कमी करते, हा समज तिथेही आहे आणि इथेही. पण कुणाला, किती, कोणत्या गोळीबरोबर, हे पुस्तकाने सांगायचे नसते.

उपयोग सिद्ध झाला तर फायदा कुणाचा, हा प्रश्नही सदाफुलीच उभा करते. ती मूळची मादागास्करची. तिचा काढा मधुमेहावर चालतो अशी निरनिराळ्या देशांत समजूत होती, म्हणून १९५० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेत तिची तपासणी झाली. मधुमेहाचे औषध मिळाले नाही. मिळाली ती विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन, रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगावरची औषधे. मुलांच्या ल्युकेमियाच्या उपचारात विनक्रिस्टिन आजही लागते. मादागास्करच्या पदरात त्या कमाईतले काही पडले नाही. भारताने १९९७ मध्ये हळदीचे अमेरिकन पेटंट रद्द करून घेतले ते लेखी पुरावे दाखवून. मॉरिशसच्या तिझानला संस्कृत पोथीचा आधार नाही, त्याचा पुरावा आजच्या नोंदीतूनच तयार व्हायचा आहे. २०१० च्या नागोया कराराने देशांना अशा ज्ञानावरचा वाटा मागण्याचा हक्क दिला. मागायचा तर कुणाचे ज्ञान, हे दाखवता आले पाहिजे.

औषधापलीकडच्या वनस्पतींना या पुस्तकात बरोबरीची जागा आहे. वाक्वा म्हणजे केवड्याच्या कुळातले झाड. मॉरिशसमध्ये त्याच्या अनेक खास जाती आहेत, आणि एका शहराचे नावच त्यावरून पडले आहे. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसची साखर परदेशी जात असे ती वाक्वाच्या पानांनी विणलेल्या पोत्यांतून. सेगाच्या नाचात वाजणारे ‘माराव्हान’ उसाच्या तुऱ्याच्या दांड्यांचे बनते; ज्या पिकासाठी माणसे राबवली गेली, त्याच पिकातून त्यांनी वाद्य केले. देशाचे राष्ट्रीय फूल ‘ट्रोकेशिया बुतोनियाना’ ल मोर्नच्या कड्यावर रानटी अवस्थेत उगवते. पळून गेलेले गुलाम त्याच डोंगरात लपत. फुलाच्या नावात लुई बुताँचे नाव गोवलेले आहे. त्याला औषधे सांगणाऱ्यांपैकी एकाचेही नाव अशा कोणत्याही फुलात नाही.

हे सारे ज्या रानावर उभे आहे ते जवळजवळ संपले आहे. चांगल्या स्थितीतले देशी रान बेटाच्या दोन टक्क्यांहून कमी उरले. डचांनी एबनी तोडली, जावाहून हरणे आणली, जहाजांतून माकडे, डुकरे आणि उंदीर आले, मग उसाने सपाटी खाल्ली. आज चिनी पेरू सगळे व्यापतो. लोक त्याची लाल फळे मीठमिरची लावून आवडीने खातात, आणि त्याच्या सावलीत देशी झाडाचे रोप उठत नाही. क्युरपिपच्या बागेत ‘हायोफोर्बे अमारिकॉलिस’ या माडाच्या जातीचे जगातले एकुलते एक झाड उभे आहे. परके प्राणी हटवून आणि परके तण उपटून इल ओ एग्रेतसारख्या लहान बेटांवर देशी रान पुन्हा उभे केले जात आहे. तिथल्या रोपवाटिकांत वाढलेली झाडे पाहिली की विश्वास वाटतो. औषधी झाडांची अशी लागवड बाजारातल्या गाळ्यांसाठी झाली, तर रानातली साल सोलणे थांबेल. उपदेशाने ते थांबणार नाही.

आता मॉरिशसच्या मराठी घरांना एक विनंती. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचे कुणी असेल, तर त्यांना या वर्षीच विचारा. तापाला काय देत, बाळाला पहिला काढा कोणता देत, गणपतीला कोणती पत्री वाहत आणि ती न मिळाली तर तिच्या जागी कोणती घेत, हे सारे विचारा. ते क्रिओलमध्ये बोलले तर क्रिओलमध्येच लिहून घ्या, भोजपुरी किंवा मराठी शब्द आला तर तो तसाच ठेवा. पानफुलासह एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा. कागदावर गाव, तारीख आणि सांगणाऱ्याचे पूर्ण नाव घाला. झाड दुर्मिळ असेल तर फांदी घेऊ नका, फोटो पुरतो.